तायड्यांच्या बॅगेतल्या मुंग्या

मयूरीच्या गोल्फच्या बॅगेला पुन्हा मुंग्या लागल्या होत्या. साध्यासुध्या नव्हेत, जयपुरातल्या खातीपुऱ्याच्या तांबड्या, कडव्या मुंग्या. त्यातली एक चावली तर माणूस दोन स्टेशनं पुढं जाऊन ओरडतो. उत्तमराव तायडे सकाळच्या थंडीत कानटोपी घालून अंगणात बसले होते आणि आडवी घातलेली बॅग फडक्यानं झोडपत होते.

"लोखंडी काठ्यांना मुंग्या लागतात हे मी भुसावळात कधी ऐकलं नव्हतं."

"भुसावळात काठ्या होत्या, गोल्फ कुठं होतं?" आतून सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि फडकं माझं आहे ते, पोळ्यांचं."

मयूरी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. मुंग्यांचा विषय निघाला की तिची नाडी हमखास सुटायची. आजही सुटली.

मयूरी गोल्फ खेळून पोट भरत होती, निदान भरायचा विचार होता. जयपुरात तीन दिवसांची वर्षातली शेवटची स्पर्धा चालू होती. पहिल्या पाचांत आली तर पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड मिळणार. नाही आली तर पुन्हा पात्रता फेरीपासून सुरुवात, आणि मामांनी पुण्यात हेरून ठेवलेली नोकरी. पहिला दिवस झाला होता, मयूरी सहावी होती.

बॅग उचलायला उत्तमराव स्वतः जायचे. छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन हाकलेला, बदलीनं भुसावळहून जयपुरात आलेला माणूस. 'लोको पायलट' हा नवा शब्द त्यांना विमानाचा वाटे, म्हणून ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणवत. ड्रायव्हर ड्यूटीवर निघाला की बरोबर त्याची लोखंडी पेटी असते आणि त्या पेटीत अख्खा संसार असतो. मुलीची बॅग ते त्याच हिशेबानं भरत: टॉवेल, टॉर्च, सुईदोरा, सुतळी, मीठ लावलेले आवळे आणि एक गोल पत्र्याचा डबा. धुक्यात गाडीला सावध करायला रुळावर फटाके ठेवतात, ते पूर्वी असल्या डब्यातून यायचे. असे दोन रिकामे डबे उत्तमरावांबरोबर निवृत्त झाले होते. एकात ते स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या ठेवत. रोज पाकीट फोडायचा त्यांना कंटाळा. महिन्याच्या गोळ्या एकदम सोलून डब्यात भरायच्या. दुसऱ्या डब्यात पेपरमिंट.

या पेपरमिंटला इतिहास होता. मयूरी सात वर्षांची असताना एका साहेबाची बदली झाली आणि बंगल्याच्या भंगारात एक गोल्फची काठी निघाली. उत्तमरावांनी ती घरी आणली. क्वार्टरच्या व्हरांड्यात पितळी पेला आडवा ठेवला आणि पोरीच्या हातात काठी दिली. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट प्रत्येक सिग्नल हात दाखवून मोठ्यानं म्हणतात. एकानं म्हणायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, म्हणजे डोळा चुकत नाही आणि मनही भटकत नाही. उत्तमरावांनी तोच कायदा व्हरांड्यात लावला. स्टेशनात शिरायचा सिग्नल होम, स्टेशनातून सुटायचा स्टार्टर.

"होम?" ते विचारायचे.

"होम हिरवा," बोट दाखवून मयूरी म्हणायची.

"स्टार्टर?"

"स्टार्टर हिरवा."

मग चेंडू सुटायचा आणि पेल्यात टण्णकन वाजायचा. तो आवाज ऐकून शेजारचे गार्डसाहेब डब्याच्या पोळ्या बांधायला घेत, इतका तो वक्तशीर. आणि गाडी सोडण्यापूर्वी ड्रायव्हरला चहा, तसं मारण्यापूर्वी मयूरीला एक पेपरमिंट. सतरा वर्षं झाली, पेल्याच्या जागी हिरवळीतला खड्डा आला, पण कायदा तोच राहिला. दिवसाला अठरा खड्डे, अठरा गोळ्या.

दुसऱ्या दिवशी मयूरीचा हात असा काही लागला की हिरवळीवरचे मोरसुद्धा बाजूला होऊन उभे राहिले. वीस फुटांवरून मारलेला चेंडू रुळावरून सरकावा तसा खड्ड्यात जाई. हात हलेना, मान हलेना, पापणी लवेना. संध्याकाळी फळ्यावर तायडे तिसऱ्या नंबरला.

आणि दोरीपलीकडून ते सगळं रत्नप्रभाताई दुर्बिणीतून पाहत होत्या. त्यांचे यजमान बँकेत मोठे अधिकारी, घर राजा पार्कात, माहेर पुण्याचं. त्यांची तनया याच स्पर्धेत खेळत होती आणि सहावी होती. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात रत्नप्रभाताई आणि सुलोचनाबाई एकमेकींच्या साड्यांचं पोटभर कौतुक करत. त्यावरून काय ते समजावं.

"मी काही म्हणत नाही हं," रत्नप्रभाताई आयोजकांना म्हणाल्या, "पण दर खड्ड्याला तिचे वडील डब्यातून एक पांढरी गोळी काढतात, ती तोंडाला हात लावते आणि मग हात दगडासारखा होतो. अठराच्या अठरा वेळा. मी मोजलंय. बाकी मी काही म्हणत नाही."

अर्ध्या तासात तायडे बापलेकीला तंबूत बोलावणं आलं. आत उत्तेजकं तपासणाऱ्या डॉक्टर सोनल बसल्या होत्या. आवाज मऊ, नजर तिकीट तपासनिसाची.

"अंकलजी, डिब्बा दिखाइए."

उत्तमरावांनी डबा दिला. त्यावर फटाक्यांची जुनी सूचना अजून वाचता येत होती. ती वाचून दारातला पहारेकरी तंबूच्या बाहेर गेला तो शेवटपर्यंत आत आला नाही. डॉक्टर सोनलनी झाकण उघडून गोळ्या पांढऱ्या कागदावर ओतल्या, चष्मा लावला आणि चिमट्यानं त्यांच्या दोन रांगा लावल्या. एका रांगेतल्या गोळ्या कोऱ्या. दुसऱ्या रांगेत प्रत्येकीच्या मधोमध रेघ.

उत्तमराव पुढं वाकले. रेघवाली गोळी ते सहा वर्षं घेत होते. "ही तर माझी, बीपीची," ते म्हणाले.

"ठीक," डॉक्टर म्हणाल्या. "पण या गोळीनं छातीची धडधड कमी होते, हाताचा कंप जातो. म्हणून गोल्फमध्ये स्पर्धेच्या वेळी तिला बंदी आहे. ती खेळाडूच्या बॅगेत काय करते?"

उत्तमरावांनी घरी फोन लावला.

"अगं, माझ्या डब्यात पेपरमिंट कशी आली?"

"पेपरमिंट तुमच्या डब्यात नाही आली, तुमच्या गोळ्या पेपरमिंटच्या डब्यात गेल्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "रविवारी फळी आवरत होते. दोन डबे, दोन्ही अर्धे. अर्धे अर्धे डबे कशाला ठेवायचे? एक केला. दुसऱ्यात मोहरी भरली."

"अगं, पण गोळ्या वेगवेगळ्या होत्या ना."

"दोन्ही पांढऱ्याच तर आहेत. आणि तुम्ही चार दिवस त्यातूनच घेऊन राहिले, तुम्हाला कळलं का?"

उत्तमरावांना आता आठवलं. चार दिवस गोळी कधी कडू लागत होती, कधी गोड. त्यांना वाटलं, कंपनी सुधारली.

त्यांनी फोन ठेवला. छत्तीस वर्षांत त्यांनी लाल सिग्नल एकदाही ओलांडला नव्हता. बैल आडवा आला, चाकाखाली टाकायची रेती संपली, जयपुराजवळ चोमूकडं एकदा वरात रुळावर नाचत होती, तरी गाडी जागच्या जागी उभी केली होती. आणि आता स्वतःच्या हातानं, लाडानं, त्यांनी पोरीची गाडी लाल सिग्नलमधून नेली होती.

"मॅडम, जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा," ते उभे राहून म्हणाले. "ड्रायव्हर मी होतो. ती फक्त परत म्हणते."

"अंकलजी, बसा. दोन दिवसांत किती गोळ्या दिल्या?"

"अठरा दुणे छत्तीस."

डॉक्टरांनी कागदावरच्या रांगांकडं पाहिलं, मग मयूरीकडं. तिची नाडी धरली. पुन्हा धरली. "यातल्या निम्म्या तरी रेघवाल्या असणार. दिवसाला आठ-नऊ गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर ही मुलगी सातव्या खड्ड्यालाच आडवी झाली असती. हिची नाडी तर घोड्यासारखी पळते आहे."

"ते मतलब... भीतीनं," मयूरी म्हणाली. मग तिनं बॅग पुढं ओढली. बॅगेच्या तळाशी बुटांचा कप्पा होता. उत्तमराव तो कधी उघडत नसत, कारण बूट तिचे ती ठेवी. तिनं चेन ओढली आणि कप्पा टेबलावर उलटा केला.

आधी मुंग्या आल्या. मग कोऱ्या आणि रेघवाल्या गोळ्या टपटप पडल्या. त्यांच्यामागून विटेएवढं एक पांढरं ढेकूळ धप्पकन आलं. गेल्या कित्येक उन्हाळ्यांत विरघळून एक झालेल्या पेपरमिंटचा तो डोंगर होता. त्यात चेंडू ठेवायच्या दोन टी आणि एक मोजा चिणला गेला होता.

डॉक्टर सोनलनी सुट्या गोळ्या मोजल्या. छत्तीस. त्यांतल्या सतरा रेघवाल्या.

मुंग्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कागदाकडं निघाल्या.

"म्हणजे तू खातच नाहीस?" उत्तमराव म्हणाले.

"दहावीपासून नाही, पप्पा. दाढ किडली होती ना. डॉक्टरनं गोड बंद केलं होतं."

"मग सांगायचं नाही का, पोरी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही द्यायची बंद केली असती." मयूरी मोज्यावरची साखर नखानं खरवडत होती. "तुम्ही आधी गोळी देता, मग होम विचारता. गोळी गेली असती तर विचारणं पण गेलं असतं. हातात घ्यायची, खोकायचं, खिशात टाकायची, मग बुटांच्या कप्प्यात. फेकायला मन नाही झालं."

पोरीला थंडीत ठसका लागतो म्हणून उत्तमराव आठ-नऊ वर्षं तिला ज्येष्ठमध उगाळून देत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि बॅगेला मुंग्या कुठून येतात हे आता कळलं, एवढंच म्हणाले.

नियम तो नियम. मयूरीचा नमुना घेऊन बाटली सीलबंद झाली. ती पुढं दहा दिवसांनी स्वच्छ निघाली. डबा आणि ढेकूळ जप्त झाले. मयूरीला खेळायची परवानगी मिळाली. जाता जाता डॉक्टर सोनलनी उत्तमरावांचं ब्लडप्रेशर मोजलं आणि काट्याकडं पाहून भुवया उंचावल्या. "अंकलजी, चार दिवस तुम्ही बहुतेक पेपरमिंटच खाल्लीत. उद्या सकाळी आठवणीनं रेघवाली घ्या. औषध पाकिटातच ठेवा. बंदी खेळाडूला आहे, तुमच्या औषधाला नाही."

त्यामुळं शेवटच्या दिवशी अख्ख्या मैदानावर तसली गोळी पोटात घेऊन फिरणारा माणूस एकच होता, आणि तो बॅग उचलत होता.

सगळीकडं बातमी पसरलेली. दोरीपलीकडची माणसं चेंडूकडं कमी आणि उत्तमरावांच्या खिशाकडं जास्त पाहत होती. मयूरीचा खेळ हलला. तिसरीची चौथी झाली, चौथीची पाचवी. तनया तिच्या मागं एका ठोक्यावर येऊन ठेपली आणि आपला खेळ संपवून आईजवळ उभी राहिली. अठराव्या हिरवळीवर मयूरीचा चेंडू खड्ड्यापासून सहा फुटांवर होता. गेला तर कार्ड, राहिला तर तनयाशी बरोबरी आणि पुन्हा झुंज.

उत्तमरावांचा हात सवयीनं खिशात गेला. खिशात सुतळी होती. मयूरीनं ते पाहिलं. तिनं तरीही तळहात पुढं केला. उत्तमरावांनी त्या तळहातावर काहीच ठेवलं नाही, चिमटीनं नुसतं गोळी ठेवल्यासारखं केलं. मयूरीनं हात तोंडाला लावला आणि खोकली.

"होम?" उत्तमरावांनी विचारलं. आवाज व्हरांड्यातला होता.

"होम हिरवा."

"स्टार्टर?"

"स्टार्टर हिरवा."

चेंडू निघाला. घाई नाही, धक्का नाही, सुपरफास्ट प्लॅटफॉर्मला लागते तसा आला आणि खड्ड्यात गेला. टण्ण वाजलं नाही, खड्डा प्लॅस्टिकचा होता. उत्तमरावांना ऐकू आलं.

ती दोघं दोरीबाहेर आली तेव्हा रत्नप्रभाताई समोर उभ्या होत्या. दुर्बीण पर्समध्ये गेली होती. त्यांनी एकदा तनयाकडं पाहिलं, मग पर्स उघडली आणि कागदात गुंडाळलेली एक पेपरमिंट काढून मयूरीपुढं धरली.

"घे. सीलबंद आहे," त्या म्हणाल्या. "आणि तायडेसाहेब, ते होम-स्टार्टर तनयाच्या बाबांना जरा शिकवाल का? ते मैदानावर आले की नुसते व्याजदर सांगतात."

मयूरीनं कागद उलगडला, गोळी तोंडात टाकली आणि कडाकडा चावली. उत्तमराव डोळे बारीक करून तिच्या खिशाकडं पाहत राहिले.

"अगं, दाढ?"

"मागच्या वर्षी काढली, पप्पा." तिनं त्यांची नजर ओळखली. "आ करून दाखवू?"

"दाखव," उत्तमराव म्हणाले.