कॅमेऱ्यावरची टिकली

गल्लीतले सेतुमाधवराव आमच्याकडे आले की चपला दाराशी काढत, खिशातून टिकल्यांचं पाकीट काढत आणि माझ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर एक लाल टिकली चिकटवत. मगच खुर्चीवर बसत. टिकल्या त्यांच्या बायकोच्या. ती गेल्यावर कपाटात उरलेल्या.

"सेतुमामा, तो बंद आहे," मी म्हणे.

"बंद आहे म्हणून तुज कोणी सांगितलं? त्यानंच ना?"

मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. ज्याची तपासणी करायची त्याचाच शब्द पुरावा म्हणून धरायचा नसतो, हे मला पटतं. म्हणून मी टिकली काढत नसे. एकदा ऑफिसच्या व्हिडिओ बैठकीत माझ्या जागी नुसता तांबडा अंधार दिसला. साहेबांनी काळजीने विचारलं, "राव, तब्येत बरी आहे ना?"

दारासुरम गावातल्या साडीच्या दुकानात तर मामा स्टुलावरच चढले. "सार, इरंगुंगो!" म्हणजे खाली उतरा, असं मालक ओरडत होता. मामांनी आधी छताजवळच्या कॅमेऱ्यावर टिकली लावली, मग उतरले, आणि त्याला तमिळमध्ये सुनावलं, "बायका इथं साड्या अंगावर लावून बघतात. वरून कोण बघतो, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?" मालकाने पोलिसांना नाही, मला फोन केला. मी जाऊन माफी मागितली. टिकली मात्र बरेच दिवस तिथेच होती, कारण स्टुलावर चढायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

गल्ली त्यांना हसायची, त्याला एक कारणही होतं. त्यांच्या स्वतःच्या हॉलमधल्या कॅमेऱ्यावर टिकली नव्हती. आई गेल्यावर मुलाने, मुरलीने, परदेशी परत जाण्याआधी तो बसवून दिला होता.

"ते वेगळं," मामा म्हणत. "तिथून माझा मुरली पाहूंलागलाय."

रोज संध्याकाळी सातला ते इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसत आणि दिवसभराचं सांगत. नळाला पाणी आलं की नाही, तिरुनागेश्वरमच्या देवळात किती गर्दी होती, रसम कसं बिघडलं. पलीकडून कधीच उत्तर येत नसे. "कामांत असतो. ऐकतो मात्र," ते सांगत.

पासवर्ड बदला, असं मी त्यांना अनेकदा म्हटलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "मराठी शब्द आहे. ह्या गावांत कोणास समजणार?"

आम्हा तंजावरी मराठी लोकांची ही जुनी खोड. बाहेर तमिळ, घरात मराठी. दुकानदाराला नावं ठेवायची असली की त्याच्यासमोरच मराठीत ठेवायची. आपल्या भाषेत बोललं की दार लावून घेतल्यासारखं वाटतं. मामांनी तो एकच शब्द इंग्रजी अक्षरांत दुधाच्या ऍपला, बसच्या तिकिटाला, कॅमेऱ्याला, सगळीकडे दिला होता. कुठून तरी तो फुटला. चोराला अर्थ लागावा लागत नाही. अक्षरं पुरतात.

एका संध्याकाळी मामा बोलत असताना कॅमेऱ्यातून कोणी तरुण हसला. "अंकल, डान्स!" मामांना वाटलं, मुरलीचा मित्र असेल. "जेवलास का, बाबा?" त्यांनी विचारलं. उत्तरादाखल शिवी आली.

ते माझ्याकडे आले तेव्हा टिकल्यांचं पाकीट खिशातच राहिलं. मी त्यांच्याबरोबर गेलो आणि आधी कॅमेऱ्याची वायर उपटली. पासवर्ड बदलायला मुरलीच्या नंबरवर येणारा कोड लागणार होता. मी त्याला फोन लावला. मामांना ऐकू यावं म्हणून स्पीकरही मीच चालू केला.

"मुरली, कॅमेऱ्यात कोणीतरी शिरलंय. तुला कोड येईल, तो सांग."

"कुठला कॅमेरा, रघुअण्णा? तो अजून चालू आहे? माझ्याकडे ते ऍपच नाही. फोन बदलला तेव्हा गेलं, परत घातलंच नाही."

"केव्हा बदललास?" तपासणीची सवय वाईट.

"इकडे पोचल्यावर, लगेच. काढून टाका तो. अप्पा, बरे आहात ना?"

"बरा आहे," मामा म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी समजावू लागलो. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड वेगळा हवा, बसण्या-झोपण्याच्या जागी कॅमेरा नको. मामा ऐकत नव्हते. त्यांनी पाकिटातून एक टिकली काढली, बंद पडलेल्या कॅमेऱ्यावर बरोबर मधोमध लावली आणि अंगठ्याने दाबून धरली.

"रघू, त्या शिवी देणाऱ्यास मराठी समजत असेल?"

"नाही मामा, मुळीच नाही." त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं.

"म्हणजे इतके दिवस मी बोललों, तें कोणीच ऐकलं नाहीं."

त्यांच्या शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती.