ताटलीवालं पाव्हणं

माझ्या हिरड्यांतून रक्त येतं ही गोष्ट मी सांगलीत कुणालाही कळू दिली नव्हती. ती कळली ती थेट सासुरवाडीला, भर गुऱ्हाळावर.

बासष्ट-त्रेसष्टच्या आसपासची ही हकिकत. मी सांगलीत पाटबंधारे खात्यात कारकून, आणि सासुरवाडी कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. थंडीत गुऱ्हाळ लागलं की जावयाला बोलावणं यायचं. गेल्या गेल्या जावयाने काय करायचं, तर शेतात उभं राहून अख्खा ऊस दातांनी सोलून खायचा. (कोयत्याने सोललेला ऊस आजाऱ्यांनी खायचा, असा तिथला समज. आमचे सासरे, धोंडिराममामा, सत्तरीतही उसाला कोयता लावून घेत नसत.) मी ऊस तोंडाला लावला आणि पांढऱ्या पेरावर लाल डाग उमटला. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी उसाचे बारीक तुकडे ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवले. तसली दुसरी ताटली घरात फक्त चुलतआजेसासूबाईंना मिळायची, आणि त्यांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं.

"माझ्या माहेरात तुमचं नाव ताटलीवालं पाव्हणं पडलंय," परतल्यावर बायको म्हणाली. (बायको म्हणजे सुलाबाई. एरवी शांत असते.) "पुढच्या बारीला ऊस सोलणार असला तरच मी तुमच्यासंगं माहेरला येईन. न्हाईतर मी एकटीच जाईन."

म्हणून पुढची थंडी पडायच्या आत मी मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"सी व्हिटॅमिन कमी पडतंय," ते म्हणाले. "पेरू, आवळा, लिंबू खा. शिवाय गोळी. रोज एक, जेवण झाल्यावर."

"जास्त घेतल्या तर लवकर गुण येईल?"

"लवकर पोट बिघडेल."

मी हसलो. (डॉक्टर हसत नव्हते, हे मला पुढे उसात बसल्यावर आठवलं.)

औषधाच्या दुकानात दोन बाटल्या समोर आल्या. एक लहान, साधी. दुसरी मोठी, वर संत्र्याचं ठळक चित्र. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "साहेब, गोळी दोन्हींत तीच आहे, हिच्यावर नुसतं चित्र जास्त." मी चित्र घेतलं.

बाटली सुलाने ताब्यात घेतली. रोज रात्री जेवण झालं की ती स्वतःच्या हाताने एक गोळी माझ्या तळहातावर ठेवायची, आणि मी ती लिमलेटसारखी चघळायचो. गुण आला हो. काही आठवड्यांत ब्रशावरचा लाल रंग गेला. ऑफिसात मी साहेबांसमोर करकरून पेरू खाल्ला. इथे मी थांबलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती.

गुऱ्हाळाचं बोलावणं आलं तेव्हा बाटलीत निम्म्या गोळ्या शिल्लक होत्या. मी ती गुपचूप कोटाच्या खिशात घातली. एसटीत सुलाला खिडकीशी डुलकी लागली आणि माझ्या मनात आलं की उद्या हिरड्यांवर नेहमीपेक्षा जास्त काम पडणार, तर त्यांना नेहमीपेक्षा जास्त खुराक नको का? आष्ट्याला एक घेतली. इस्लामपूरला दोन. पेठ नाक्यावर गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा उरलेल्या.

सकाळी शेतात गेलो. गूळ कढवायच्या काहिलीतून काकवीचा वास सुटला होता. (तो वास आता कुठे येत नाही. आला तर मी आजही रस्त्यात उभा राहीन.) मी कोट सुलाच्या हातात दिला. मामांनी ऊस मोडून पुढे केला.

"घ्या पाव्हणं. का कोयता मागवू?"

मी दात रोवले. साल कडाडली आणि वरपासून खालपर्यंत एका झटक्यात निघाली. रक्ताचा थेंब नाही. मामा "आँ" करून बघत राहिले. बांधावर उभ्या असलेल्या सुलाच्या तोंडावर जे हसू आलं, ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. नवरा म्हणून मी तेवढा मोठा त्याआधी कधी झालो नव्हतो, नंतरही नाही.

त्या आनंदात मी दुसरा ऊस सोलला, आणि पोटात कुणीतरी जातं ओढायला लागलं.

"मामा, जरा आतला ऊस बघून येतो," म्हणालो, तोडकऱ्यांच्या पाण्याचं टमरेल उचललं आणि उसात घुसलो.

"जावा की. आतला लय गोड हाय," मामा कौतुकाने म्हणाले.

बसतो न बसतो तोच पलीकडून कोयत्यांचा आवाज आला. तोड माझ्याच दिशेने सरकत होती. मी चार सऱ्या अलीकडे सरकलो. कोयतेही सरकले. आणखी अलीकडे यावं, तर तिकडे मामा, सासूबाई आणि सगळं गुऱ्हाळ. शेवटी कोयत्याचं पातं दिसायला लागलं तेव्हा मी लाज सोडली.

"मामा, तोड थांबवा!"

"का वं?"

मी टमरेल जवळ ओढलं आणि आणखी खाली वाकलो.

तेवढ्यात सुलाचा आवाज आला. कोटाच्या खिशात तिला रिकामी बाटली सापडली होती. "आबा, थांबवा. ह्यांनी समद्या गोळ्या खाल्ल्यात."

"धनाजी," मामांनी मुकादमाला हाक दिली, "तेवढा ऊस ऱ्हाऊ दे रं. पाव्हण्यांचं काम चाललंय."

त्या दिवशी तोड तिथेच थांबली, आणि उसावाचून घाणा बंद राहिला. मी ताक-भातावर पडून राहिलो, आणि सुला उशाशी बसून अधूनमधून बाटलीकडे बघत होती. सगळं शेत मोकळं झालं तरी मधे तेवढा एक उसाचा पुंजका कितीतरी दिवस उभा होता. तो कुणाचा, हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आज मामा नाहीत, गुऱ्हाळही नाही. माझी गोळी मात्र रोज एकच, जेवण झाल्यावर, सुलाच्या हातून. मामांची आठवण आली की ते पुढच्या थंडीतले मामाच डोळ्यांपुढे येतात. त्या वर्षीही मी सगळ्यांसमोर अख्खा ऊस दातांनी सोलला, पण माझ्या दातांकडे कुणी बघितलंच नाही. मामांनी लगेच धनाजीला बजावलं, "चार सऱ्या ठेव रं, पाव्हणं ऊस खाया लागल्यात." आणि सासूबाईंनी, पूर्वी जिथे ताटली ठेवायच्या बरोबर तिथे, घासून लख्ख केलेलं टमरेल पाण्याने भरून ठेवलं.