नवरदेवाचा डावा बूट

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही अठरा वर्षांचे आहात, कपाटाएवढे धिप्पाड आहात आणि तुम्हाला रडू येतंय. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचता येणार नाही. उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुमचं घर पॅसिफिक महासागरातल्या टोंगा नावाच्या बेटांवर आहे. तिथे बर्फ फक्त सरबतात असतो. आणि तुम्ही मात्र उभे आहात न्यू जर्सीतल्या एडिसन गावात, एका घरासमोर, गुडघाभर बर्फात, हातात फावडं घेऊन.

जमली कल्पना? मग तुम्हाला सेमिसी फिफिता कळला.

सेमिसी मॉर्मन पंथाचा. त्यांच्याकडे पोरं मोठी झाली की बरेच जण दोन वर्षं घर सोडतात. पाठवतील त्या देशात जायचं, दारोदार फिरून देवाचं सांगायचं आणि कुणाला मदत हवी असेल तर करायची. नेहमी जोडीने राहायचं, जोडीदाराच्या नजरेआड व्हायचं नाही. चहा-कॉफी नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी. छातीवरच्या पाटीवर नावाआधी लिहिलेलं असतं 'एल्डर', म्हणजे वडीलधारा. सेमिसीला तर अजून दाढीही धड येत नव्हती.

इथे येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. दारं उघडत होती आणि तितक्याच सभ्यपणे बंद होत होती. त्याचा जोडीदार जेन्सन अमेरिकेतल्याच युटाहचा. चांगला मुलगा, पण नियमांचा इतका पक्का की शिंक आली तरी आधी परवानगी आहे का हे आठवून बघायचा. सेमिसी रात्री उशीत तोंड खुपसून पडायचा. शेवटी त्याने ठरवलं, आज आईचा फोन आला की सांगून टाकायचं, मी परत येतोय. सोमवारी साधे कपडे चालतात, तरी आईला चांगलं दिसावं म्हणून त्याने पांढरा शर्ट आणि टाय चढवला होता.

आणि हे फावडं आलं त्या घरातल्या कांचनकाकूंमुळे. आठवड्यापूर्वी दोघांनी त्यांचं दार वाजवलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "हे बघा, आमच्या देवघरात आधीच दाटी आहे. पण ड्राइव्हवेवर बर्फ फार साचतो आणि ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सोमवारी याल?"

सेमिसीने आयुष्यात कधी बर्फ उपसला नव्हता. त्याने फावडं घातलं, जोर लावला आणि बर्फाऐवजी स्वतःच ढिगाऱ्यात गेला. कमरेपर्यंत. जेन्सनने त्याला ओढून काढलं तेव्हा पँटमधून पाणी ठिबकत होतं.

"अगं बाई! आत या, आत या!" काकूंनी दार उघडलं.

सेमिसीने न सांगता उंबऱ्याबाहेरच्या पायपुसण्यावर बूट काढले. टोंगातही घरात असंच अनवाणी जातात. काकू विरघळल्याच. "बघा, बघा! आपल्या देवांगला वीस वर्षं सांगतेय मी!" देवांग म्हणजे त्यांचा मुलगा. तो तेव्हा ऑफिसात बसून बोलणी खात होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

"चहा टाकते."

"नो, थँक यू, मॅम," जेन्सन म्हणाला.

"मॅम नको, काकू म्हण. साखर कमी घालू?"

"आम्ही चहा घेत नाही, काकू."

"अजिबात?" काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, ऐकलंत का? लेकरं चहाच घेत नाहीत म्हणे. मसाला दूध आटवते."

चारुदत्तकाका आरामखुर्चीतून म्हणाले, "आधी त्याची पँट ड्रायरमध्ये टाक. गालिच्याचं तळं होतंय. आणि त्याला नेसायला माझी लुंगी दे, माझ्या पँटमध्ये त्याचा एक पायसुद्धा जायचा नाही."

सेमिसी लुंगी घेऊन बाथरूममध्ये गेला. नजरेआड व्हायचं नाही म्हणून जेन्सन दाराला पाठ लावून उभा राहिला, बँकेच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखा. सेमिसी बाहेर आला आणि काका बघतच राहिले. लुंगी अशी चापूनचोपून बसली होती की जागची हलेना. टोंगात पुरुष सणासुदीला असंच वस्त्र गुंडाळतात, त्याला टुपेनू म्हणतात. पांढरा शर्ट, निळा टाय आणि खाली लुंगी. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच सेमिसीला आपले पाय आपले वाटले.

नेमकी तेव्हा शाळेची बस थांबली आणि देवांगची सहा वर्षांची मुलगी, सिया, आत आली. तिने सेमिसीला खालपासून वरपर्यंत बघितलं. वरपर्यंत जायला वेळ लागला. मग ती दप्तर टाकून पुन्हा दाराकडे वळली.

आता तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. सियाने जन्मात एकच लग्न बघितलं होतं, आरोहीआत्याचं, मागच्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या फ्रिस्कोला. त्यातला नवरदेव ब्रँडन हा असाच होता. उंच, रुंद, कुणाचं काय चाललंय हे न कळणारा आणि कमरेला धोतर गुंडाळून घाबरलेला. त्या लग्नात तिच्या मोठ्या चुलतभावाने, वीरने, नवरदेवाचे बूट लपवले होते. वीरने मागितलेलं सगळं ब्रँडनने कबूल केलं होतं. "तू छोटी आहेस," म्हणून सियाला कुणी जवळसुद्धा येऊ दिलं नव्हतं.

आज वीर फ्रिस्कोला होता. आणि बूट दारात.

इकडे फोन वाजला. पडद्यावर आई होती, मागे नारळाची झाडं. सेमिसीने फोन लांब धरला. "आई, मला तुला काही सांगायचंय," तो त्यांच्या भाषेत म्हणाला.

"थांब थांब! तू टुपेनू नेसलायस? अमेरिकेत नेसतात?" आई पाठीमागे वळून ओरडली, "या रे सगळे, बघा!" पडद्यात एकदम नऊ-दहा डोकी घुसली. तेवढ्यात काकू गरम थालीपीठ घेऊन आल्या आणि त्यासुद्धा फोनमध्ये शिरल्या.

"हॅलो! आय ॲम कांचन. युवर सन व्हेरी गुड बॉय!"

"ही ईटिंग?" सेमिसीची आई म्हणाली. तिचंही इंग्रजी बेताचंच.

"आता वाढतेय! नाऊ, नाऊ!" काकूंनी थालीपीठ पडद्यासमोर धरलं. टोंगातली सगळी डोकी गंभीरपणे थालीपीठ बघू लागली.

"ही नॉट टेल वेन सॅड," आई म्हणाली. "माय बॉय. बिग बॉडी. इनसाइड, लिटल."

काकूंचा हात तसाच राहिला. त्यांनी मान हलवली, फोन हळूच सेमिसीच्या हातात दिला आणि काकांना नजरेनेच दटावलं, गप्प बसा म्हणून. काका तर काही बोललेच नव्हते.

मग सेमिसीने सांगून टाकलं. मला इथे नाही जमत. मला घरी यायचंय.

आईने मागची सगळी डोकी हाताने बाजूला सारली. मग म्हणाली, "ये. तुझं घर आहे. कुणी काही म्हणणार नाही, मी बघते. पण मनापासून ठरव. आणि त्या बाईंनी वाढलंय ते आधी संपव."

त्याने ते संपवलं. काकूंनी आणखी वाढलं. तेही संपवलं. मग पँट वाळून आली, ती घालून तो जेन्सनला म्हणाला, "चल. मला आपल्या वरिष्ठांना फोन करायचाय. मी परत जातोय."

जेन्सनचं तोंड उघडं राहिलं. यासाठी कुठलाच नियम त्याला आठवेना. दोघे दाराशी गेले. पायपुसण्यावर जेन्सनचे बूट होते. सेमिसीचे नव्हते.

"अहो, बूट तुम्ही उचलून ठेवलेत का?" काकू म्हणाल्या.

"मी? या गुडघ्याने?" काका म्हणाले. "कोल्ह्याने नेले असतील. परवा मागच्या अंगणात दिसला होता."

"एवढाले बूट? कोल्हा त्यात झोपेल, नेणार कसा?"

मग शोध सुरू झाला. सोफ्याखाली, ड्रायरमध्ये, गाडीत. काकांचे स्नोबूट आणले, त्यात सेमिसीची बोटंच तेवढी शिरली. दुसरे बूट त्याच्याकडे नव्हतेच. बाहेर पुन्हा बर्फ पडू लागला. हताश होऊन तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. वरून आवाज आला, "व्हॉट विल यू गिव्ह मी?"

सिया वरच्या पायरीवर बसली होती, हाताची घडी घालून, वीरसारखी.

"सिया! बूट तू घेतलेस?" काकू ओरडल्या.

"आजी, यू हॅव टू! ही इज द नवरदेव!"

"अगं, नवरदेव कसला? लग्न कुणाचं आहे इथे?"

"देन व्हाय वॉज ही वेअरिंग दॅट? आणि त्याची फॅमिली पण फोनवर बघत होती!"

काकांनी जेन्सनला लग्नातली बूट लपवायची गंमत समजावली, जेन्सनने सेमिसीला. सेमिसीने आधी नीट ऐकून घेतलं. मग त्याच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं. जेन्सन घाबरला, त्याला वाटलं थालीपीठ बाधलं. पण ते हसू होतं. तीन आठवडे साचलेलं. कठडा धरून तो इतका हसला की जिना थरथरला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मात्र पुसायची त्याला घाई झाली नाही.

"ओके," तो शेवटी म्हणाला. "काय हवंय तुला?"

सिया विचारात पडली. बूट मिळवण्यापलीकडे तिने काहीच ठरवलं नव्हतं. तिने खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघितलं. बर्फ जिथल्या तिथे होता, वर सेमिसी पडल्याचा भला मोठा खड्डा. "स्नोमॅन," ती म्हणाली. "तुझ्याएवढा. नेक्स्ट मंडे."

"नेक्स्ट मंडे मी कदाचित नसेन," सेमिसी हळूच म्हणाला. "मी घरी जाईन कदाचित."

"सिया, दे बघू बूट," काकू म्हणाल्या. "दादाला उशीर होतोय."

सिया उठली. खोलीत गेली. काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग एकेक पायरी धप्प, धप्प करत ती खाली आली. तिने दोन्ही हातांनी उजवा बूट सेमिसीच्या पायाशी ठेवला. नीट, टाच भिंतीकडे करून.

मग ती पुन्हा वर गेली, डावा बूट मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसली आणि त्याच्या नाडीची गाठ बांधायला लागली. घट्ट. एकावर एक.