वझलवार काकांची हिरवी नाणी

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या वझलवार काकांकडे चहाच्या आधी पाहुण्याला हात धुवायला लावतात. साबणानं, मनगटापर्यंत. हात नीट कोरडे झालेत की नाही ते काका स्वतः बघतात, मग खाली मऊ रुमाल धरून एक हिरवट-काळं नाणं पुढे करतात. "कडेनं धरा," एवढंच म्हणतात.

नाणं हजार वर्षांपूर्वीच्या बायझंटाइन साम्राज्यातलं, कांस्याचं. एका बाजूला येशूचा चेहरा, मागे प्रभावळ. दुसऱ्या बाजूला 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा' अशी अक्षरं. ज्या सम्राटानं नाणं पाडलं त्याचं नाव कुठेच नाही, आणि काका फिदा आहेत ते यावरच. "सम्राट असून नाव नाही टाकलं. आणि आपल्या मंडळाचं गणपतीचं इन्व्हिटेशन बघ. गणपती एवढासा, कमिटी पानभर." हे ते कमिटीसमोरही म्हणतात, त्यामुळे त्यांना कमिटीत कोणी घेत नाही.

नाण्यावरचा हिरवा थर हा त्यांचा हळवा विषय. तो गेला की नाणं संपलं, जाणकार त्याला हातही लावत नाहीत. एकदा माझ्या नवऱ्यानं सहज अंगठ्यानं येशूचं नाक पुसलं, तर पुढे कित्येक दिवस काका त्याच्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत होते.

काकांनी लग्न केलं नाही. गेल्या दिवाळीनंतर नागपूरचं घर बंद करून ते आईला इकडे घेऊन आले. आजी पंच्याऐंशीच्या. इथे भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, बाहेर गुडघाभर बर्फ. आजी खिडकीपाशी बसून रोज म्हणायच्या, "बाळू, मला परत पाठव. इथे हाताला कामच नाही." शेवटी काकांनी गुढीपाडव्यानंतरचं तिकीट काढलं. "आई गेली की घर पुन्हा शांत होईल," असं मला म्हणाले खरे, पण चेहरा काही तसं म्हणत नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गुढीसाठी काठी आणायला मी काकांना घेऊन दुकानात गेले होते. परत आलो तर आजी सिंकपाशी. गुढीचा तांब्या चिंचेनं घासून पालथा घातलेला, आणि शेजारी टॉवेलवर काकांनी सकाळी टेबलावर काढून ठेवलेली नाणी. सगळी लख्ख, तांबूस.

"किती मळवलेस रे देव," आजी म्हणाल्या. "परक्यांचे असले म्हणून काय झालं? सणाला स्वच्छ नकोत?"

काकांनी एक नाणं उचललं. हिरव्याचा मागमूस नव्हता. मग त्यांनी आईकडे पाहिलं. पदर खोचलेला, बोटं चिंचेनं बरबटलेली, आणि अख्ख्या हिवाळ्यात पहिल्यांदाच आजींना कामाची घाई होती.

"छान निघालेत," काका म्हणाले.

"अजून आहेत का?"

काका बेसमेंटमध्ये गेले आणि कपाटातले नाण्यांचे सगळे ट्रे घेऊन वर आले. आजी बघतच राहिल्या. "अरे, यात माझा उन्हाळा जाईल. तिकिटाचं काय?"

"कॅन्सल करतो." ते माझ्याकडे वळले. "तुझ्या घरी चिंच असेल ना गं? असेल तेवढी आण."