सहा नंबरची गादी

"भाऊजी, ही नोकरी तुमच्या खिशात आहे समजा," मेहुणा म्हणाला, आणि सगळं बिघडायला तिथूनच सुरुवात झाली.

मेहुणा एखादी गोष्ट खिशात आहे म्हणाला की आधी खिसा फाटका तर नाही ना ते बघावं, हे घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पण आठ महिने घरी बसलेल्या माणसाला एवढा विचार कुठून सुचणार?

आपले खिडकीवाले असेच घरी बसलेले होते. खिडकीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका सिनेमागृहाच्या तिकीट-खिडकीत त्यांनी अठरा वर्षं काढली, म्हणून सगळा रस्ता त्यांना खिडकीवाले म्हणायचा. माणूस सरळ. इतका सरळ की तिकीट विकताना सांगायचा, "घेताय तर घ्या, पण समोर खांब आहे. नायिका दिसेल, नायक दिसणार नाही." मालकाने शंभरदा डोकं आपटलं, पण ह्यांची जीभ काही आवरली नाही. शेवटी सिनेमागृहच बंद पडलं. खिडकीवाल्यांच्या खरेपणामुळे नव्हे हो, छपरामुळे. पण मालक मात्र अजूनही पहिलंच कारण सांगतो.

तर मेहुण्याने पेपरात जाहिरात वाचली. गाद्यांच्या कारखान्याला मुख्य गादी-तपासनीस पाहिजे. अनुभव किमान दहा वर्षं. आणि कुणाला न विचारता त्याने भाऊजींच्या नावे अर्ज ठोकून दिला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'गाद्यांचा चव्वेचाळीस वर्षांचा दैनंदिन अनुभव.'

"अरे, चव्वेचाळीस हे माझं वय आहे," खिडकीवाले म्हणाले.

"मग? जन्मल्या दिवसापासून गादीवर झोपताय. एका दिवसाचा खाडा नाही. ह्यात खोटं काय आहे, दाखवा."

खिडकीवाल्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती.

त्यांना वाटलं, असल्या अर्जाला कोण विचारतंय? पण चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्यासारख्या ज्येष्ठ तज्ज्ञाची भेट घेण्यास आम्ही उत्सुक आहोत. शुक्रवारी सकाळी दहा वाजता यावे.' ज्येष्ठ तज्ज्ञांनी पत्र दोनदा वाचलं. ते आहे तिथे, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले.

"मी नाही जाणार. तिथे एकेक दिग्गज येतील. मला काथ्या आणि कापूस ह्यांतला फरक कळत नाही."

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या बोटाला सुई टोचायची रोजची सवय, त्यामुळे तिचं बोलणंही थोडक्यात आणि नेमकं लागायचं. ती म्हणाली, "जाऊन या. नाही म्हणाले तर आहात तिथेच आहात."

तेवढ्यात मुलगी शाळेचा फॉर्म घेऊन आली. सोमवारी द्यायचा होता. सगळे रकाने शाईने, सुवाच्य अक्षरात भरलेले. आईच्या व्यवसायापुढे लॅबचा पत्तासुद्धा लिहिला होता. फक्त 'वडिलांचा व्यवसाय' ही ओळ कोरी.

"बाबा, इथे काय लिहू?"

कुणी थोबाडीत मारली असती तरी खिडकीवाल्यांना एवढं लागलं नसतं. 'काही नाही' असं लिही, हे तिला सांगायला त्यांची जीभ रेटेना. तीही शहाणी पोर, तिने पुन्हा विचारलं नाही. फॉर्म दप्तरात ठेवून देत म्हणाली, "घाई नाही. सोमवारपर्यंत वेळ आहे."

"शुक्रवारी सांगतो," खिडकीवाले म्हणाले. झालं, आता जाणं भाग होतं.

त्यांनी वाचनालयातून गाद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि परीक्षेला बसावं तसा अभ्यास मांडला. फोमची घनता, स्प्रिंगांचे प्रकार, काथ्याचे थर. एक पान पाठ झालं की आदलं पान डोक्यातून जायचं. झोपेचं पार खोबरं झालं. सलग चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

"अहो, झोपायच्या नोकरीसाठी जागरण करणारे तुम्ही जगात पहिलेच," बायको म्हणाली. पण शर्टाला इस्त्री तिनेच करून दिली, आणि मुलीने बाबांच्या खिशाला आपलं चांगलं पेन लावलं.

शुक्रवारी कारखान्याच्या बाकावर सात उमेदवार आधीच बसले होते. एकाने बावीस वर्षं स्प्रिंगा वळल्या होत्या. दुसऱ्याचा उशांचा स्वतःचा कारखाना होऊन गेला होता. खिडकीवाले हळूच कोपरा धरून बसणार, तोच मॅनेजर यादी घेऊन बाहेर आले आणि मोठ्याने म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव असलेले आपण कोण?"

खिडकीवाल्यांनी भीत भीत हात वर केला. सातही माना वळल्या. उशीवाल्याने चक्क उठून त्यांना जागा दिली.

"एक विचारू?" तो अदबीने म्हणाला. "आपलं मत काय, स्प्रिंग की फोम?"

पुस्तकातली साडेतीनशे पानं एका क्षणात खिडकीवाल्यांच्या डोक्यातून पसार झाली. "माणसावर आहे," ते कसंबसं पुटपुटले.

स्प्रिंगवाल्याने खिशातून वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, पण त्या दिवशी न बोलणाऱ्याचाही भाव वधारला होता.

परीक्षा कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये होती. दहा खाटा, दहा गाद्या, सगळ्यांना एकसारख्या निळ्या पट्ट्यांच्या खोळी. कुठेही नाव नाही, नुसते नंबर. प्रत्येक गादीवर पाच मिनिटं पाठ टेकायची आणि चिठ्ठीवर शेरा लिहून ती पायथ्याच्या डब्यात टाकायची. भिंतीपलीकडे शिलाईची मशिनं धडधडत होती.

"आपण ज्येष्ठ," मॅनेजर खिडकीवाल्यांना म्हणाले. "हे लोक आधी उरकून घेतील. आपण शेवटी, अगदी निवांत."

सातजणांनी पटापट काम उरकलं. काय त्यांचा थाट! कुणी गादीवर मूठ मारून कान लावतोय, कुणी कोपऱ्याची शिवण नखाने उचकटून बघतोय. त्यांचं आटोपल्यावर खिडकीवाले चपला काढून एक नंबरच्या गादीवर आडवे झाले. पाच मिनिटं झाली. हातात पेन आलं, पण पुस्तकातला एक शब्द आठवेना. शेवटी अठरा वर्षांची खिडकी मदतीला धावून आली. गिऱ्हाइकाला सांगायचे तसं त्यांनी लिहिलं, 'नवा वास फार येतो. महिनाभर खिडकी उघडी ठेवावी लागेल.'

दोन नंबर. 'दोन्हीकडून मधे घसरायला होतं. नवरा-बायकोचं भांडण झालं असेल तर घेऊ नये.'

तीन नंबर. 'कूस बदलली की कुरकुरते.'

चार नंबर. 'फार टणक. पाहुण्यांसाठी चांगली, दुसऱ्या दिवशी जातील.'

पाच नंबर. 'फार मऊ. उठवायला माणूस लागेल.'

लिहिता लिहिता त्यांच्या मनात येत होतं, संपलं सगळं, हे शेरे वाचून मॅनेजर हाकलून देतील. मग ते सहा नंबरच्या गादीवर टेकले. लिहायला पेन उचललं. 'ही' एवढं लिहिलं आणि पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असणार कसं? ब्रह्मानंदी टाळी लागली होती.

पुढचं सगळं त्यांना नंतर इतरांकडून कळलं. पाचाची दहा मिनिटं झाली तेव्हा मॅनेजर कौतुकाने म्हणाले, "ह्याला म्हणतात अनुभव. बाकीचे पाच मिनिटांत उठले, हे गादीच्या आत शिरलेत." वीस मिनिटांनी त्यांनी जाऊन शिलाईची मशिनं बंद करायला सांगितली, तपासनीसांची एकाग्रता मोडू नये म्हणून. अख्खा कारखाना हात बांधून बसला. स्प्रिंगवाल्याला वाटलं, ही नवीन पद्धत दिसते, आपण मागे पडायला नको. तो एक नंबरवर जाऊन पुन्हा पडला आणि डोळे घट्ट मिटले. त्याचं पाहून उशीवाल्याने दोन नंबर धरला. पण झोप म्हणजे काय ठरवून येते?

आणि मग खिडकीवाले घोरायला लागले. साधंसुधं नाही. खाटेवरचा नंबरचा पत्रा थरथरायला लागला. आता मात्र मॅनेजरांचा चेहरा पडला. ते धावत जाऊन मालकीणबाईंना घेऊन आले.

मालकीणबाई साठीच्या. कारखाना त्यांनी एका शिलाई मशिनीवर उभा केलेला, त्यामुळे त्यांच्या पुढ्यात खोटं टिकत नसे. त्यांनी झोपलेल्या माणसाकडे पाहिलं. गादीचा नंबर पाहिला. मग सगळ्या खाटांचे डबे उघडून सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या, खुर्ची मागवली आणि वाचत बसल्या.

"उठवू का?" मॅनेजरांनी विचारलं.

"हात लावलात तर बघा," बाई म्हणाल्या. "एक चादर आणा."

पावणेतीन तासांनी चहाच्या वासाने खिडकीवाल्यांना जाग आली. समोर गर्दी. अर्धवट झोपेत ते म्हणाले, "हाउसफुल्ल आहे. पुढच्या खेळाला या."

कुणी हसलं नाही. मग अंगावरची चादर दिसली, निळे पट्टे दिसले, आणि त्यांना कळलं की आपण कुठे आहोत आणि काय करून बसलो आहोत. ते ताडकन उठून उभे राहिले. मुलीच्या फॉर्ममधली कोरी ओळ डोळ्यांपुढे आली आणि त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. आता लपवण्यासारखं होतंच काय?

"बाई, खरं सांगून टाकतो. मी तज्ज्ञ वगैरे कुणी नाही. सिनेमाची तिकिटं विकायचो. चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव आहे, पण तो झोपायचा. आणि ह्या नोकरीच्या धास्तीने वाचनालयातलं गाद्यांचं पुस्तक घोकत चार रात्री झोपलो नव्हतो. मी दगडावरही झोपलो असतो. माफ करा, येतो."

ते चपला शोधायला वाकले.

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "दगडावर झोपला असतात, मग पहिल्या पाच गाद्यांवर का नाही झोपलात?"

खिडकीवाले एक चप्पल हातात धरून विचार करत राहिले.

बाई मॅनेजरांकडे वळल्या. "सहा नंबरची गादी आपली नाहीच. आपलं गिऱ्हाईक पळवणाऱ्या त्या दुसऱ्या कारखान्याची आहे. मी स्वतः दुकानात जाऊन आणली आणि माझ्या हाताने तिला आपली खोळ शिवली. ह्या सातजणांनी खोळीखालची शिवण बघून ती ओळखली, आणि मला बरं वाटावं म्हणून सातही चिठ्ठ्यांवर एकच शेरा मारला, 'निकृष्ट'. तुम्हीही दहा वर्षं मला हेच सांगताय, ती गादी आपल्यापुढे पोतं आहे म्हणून."

मॅनेजरांना छताचा पंखा एकाएकी फार बघण्यासारखा वाटायला लागला. उशीवाला दोन नंबरवरून हळूच उतरला.

"पण बाई," खिडकीवाले काकुळतीला येऊन म्हणाले, "मला गादीतलं खरंच काही कळत नाही हो."

"कळणारे सात आले होते. त्यांना शिवण कळली. झोप एकालाही आली नाही." बाईंनी त्यांच्या चिठ्ठ्या पुढे धरल्या. "अहो, गादी विकत घ्यायला येतो कोण? चार रात्री झोप न लागलेलाच माणूस ना? आमची दोन नंबरची गादी मधे घसरवते, हे मला आजवर एकाने सांगितलं नाही. माझ्या घरी तीच आहे." त्यांनी दोन नंबरची चिठ्ठी वेगळी काढून तिची घडी घातली. "आणि आमचं भांडण झालं की फार त्रास होतो."

मग मात्र सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने बाईच हसल्या.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "आणि ते पुस्तक आधी परत करा."

खिडकीवाले घरी कसे पोचले ते त्यांनाही सांगता येणार नाही. दारातच बायकोने चेहरा पाहिला आणि विचारलं, "झोपून आलात का? गालावर पट्टे उमटलेत."

"झोपलो म्हणूनच मिळाली," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. बायकोने पदराने गालावरचे पट्टे पुसून पाहिले. ते काही निघाले नाहीत, तरी ती बराच वेळ पुसत राहिली. मेहुणा संध्याकाळभर "मी म्हटलं नव्हतं?" म्हणत घरातून फिरला, आणि कुणीही त्याला अडवलं नाही.

मुलीने तेवढ्यात फॉर्म काढला होता. बाबांनी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली आणि तिने नीट ऐकून, शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात ती ओळ भरली. पोरीला इतकं आनंदाने लिहिताना पाहून कुणी डोकावायला गेलं नाही. सोमवारी फॉर्म शाळेत गेला.

मंगळवारी तो परत आला. 'वडिलांचा व्यवसाय' ह्यापुढे लिहिलं होतं, 'झोपणे'. त्याखाली वर्गशिक्षिकेने लाल शाईने रेघ मारून लिहिलं होतं, 'सवय नको, व्यवसाय लिहावा.'

"बाबा, आता काय लिहू?" मुलीने विचारलं.

खिडकीवाले नुकतेच कामावरून आले होते. चेहरा टवटवीत, केस मात्र मागून उभे. "राहू दे तूर्तास," ते म्हणाले. "रविवारी बघू. सुट्टीच्या दिवशी मी पूर्ण जागा असतो."