चित्राची वरची बाजू

रविवार, १२ फेब्रुवारी १९८४, सकाळी सव्वासात. घंटा वाजली. दारात तळमजल्यावरचे चित्रकार भिकाजी परब, चार फुटी कॅनव्हास छातीशी धरून उभे.

"सामंत, सांगा बघू, हेची वरची बाजू खंयची?"

परब अमूर्त चित्रे काढीत. असे चित्र चहूबाजूंनी रंगवता येते, टांगताना मात्र एकच बाजू वर ठेवावी लागते, ही त्यांची अडचण. मुलुंडमधली आमची इमारत ती महिनाभर सोसत होती. दूधवाल्याने एक बाजू सांगितली, इस्त्रीवाल्याने दुसरी. दारावर येणाऱ्या कोळणीने पाटी उतरवून चित्र निरखले.

"दादा, बोंबलाला पन तोंड असतं. ह्याला डोला कुठं हाय?"

परबांनी ते मत वहीत उतरवून घेतले. समीक्षकांपेक्षा ती स्पष्ट बोलते, असे त्यांचे म्हणणे.

मी बांधकाम खात्यात नकाशे काढून निवृत्त झालो. "नकाशात उत्तर दिशा दाखवावीच लागते," मी म्हणालो. "ती काढणाऱ्याने ठरवायची."

"माझ्यान ठरत नाय, ह्याच तर दुखणा."

दहाला टेम्पो येणार होता. पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे पहिले एकट्याचे प्रदर्शन भरत होते. बाजू ठरल्याशिवाय मागे आकडे बसणार नव्हते, आणि आकड्यांशिवाय चित्र भिंतीवर लागणार नव्हते. मी खाली गेलो.

खोलीत अकरा चित्रे भिंतीकडे तोंड करून उभी होती. प्रत्येकाच्या पाठीवर खडूने काढलेला बाण आणि 'वर' हा शब्द. अक्षर परबांचे नव्हते.

"आमच्या हिचा अक्षर," परब म्हणाले. "भाजी चिरता चिरता सांगायची. मी म्हणायचंय, गो, नीट बघ तरी. तर म्हणायची, तीस वर्सां तुमका बघतंय, तेवढा पुरे."

वहिनी दिवाळीनंतर गेल्या. हातातले बारावे चित्र त्यानंतरचे.

मी ते भिंतीला टेकवले, दोन पावले मागे सरलो, एकदा उजवीकडे फिरवले.

"ही बाजू वर."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

परब खो खो हसले. डोळे पुसून पुन्हा हसले. "अगदी तिच्यासारखा बोललात. बसा, चाय ठेवतंय."

चहा होईतो मी पेचकस मागून घेतला, दोन आकडे पिळले, तार ओढून दुहेरी गाठ मारली. दहाला परब ड्रायव्हरशेजारी बसले. मी बारावे चित्र दोन पोत्यांमध्ये सरळ उभे केले, टेम्पोचा फाळका लावला आणि कडी घातली.