अकरा मिनिटांचे ओन्नीकाका

कॉम्प्युटर "झालं" म्हणाला की झालं, यावर राइमो केट्टुलाचा गाढ विश्वास. फिनलंडातल्या आमच्या हामे भागातल्या वाचनालयाची यंत्रं तोच सांभाळायचा. तिथली बाहेरून जोडायची जुनी डिस्क इतकी रडतखडत लिहायची, की फाइल उतरवायला घेतली की सगळं यंत्रच हटून बसायचं. शेवटी त्या दुपारी त्याने यंत्राला नवी शिस्त लावली: येईल ते आधी स्वतःच्या स्मरणात, म्हणजे मेमरीत, साठव, डिस्कवर सवडीने लिही. आणि काय सांगावं, वीस मिनिटांचं काम चार सेकंदांत "झालं". राइमो स्वतःवरच बेहद्द खूश झाला.

त्या फाइलमध्ये कैलासवासी ओन्नीकाकांचा आवाज होता. रेडिओवाल्यांनी एकदाच टिपलेला, जगात तेवढाच. संध्याकाळी त्यांच्या बायकोच्या, हेल्वीआजींच्या पंचाऐंशीव्या वाढदिवसाला तो सगळ्या गावाला ऐकवायचा होता. राइमोने सवयीप्रमाणे रेडिओवाल्यांकडून आलेलं मूळ मेमरी कार्ड पुसून टाकलं, डिस्क उपटून खिशात घातली आणि सायकल हाणली. सवडीने लिहायचं तर यंत्राला सवड द्यावी लागते, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

सभागृहात साठ माणसं. फाइलचं नाव बरोबर, लांबी अकरा मिनिटं. राइमोने बटण दाबलं. आवाज नाही. मोठा केला, तरी नाही. मग एकदम त्याच्या लक्षात आलं. डिस्कवर नुसती जागा आखली गेली होती, आत काकांचा शब्दही उतरला नव्हता; यंत्राच्या स्मरणातलं तर डिस्क उपटताच उडालं होतं.

दुसरीकडे कुठे असतं तर कुणीतरी बोंब मारली असती. आमच्याकडे शांतता चालू असताना मध्ये बोलायची पद्धत नाही. चौथ्या मिनिटाला पाद्रीबुवांनी मान खाली घातली, पाठोपाठ सगळ्यांनी. उठून सांगायची राइमोचीही छाती होईना. बसला तसाच, अकरा मिनिटं.

संपल्यावर तो कसाबसा आजींपाशी गेला. "आजी, माझ्या हातून घोटाळा झाला. काकांचा आवाज पुसला गेला. कायमचा."

आजी डोळे टिपत होत्या.

"अरे, बावन्न वर्षं संसार केला मी. जेवायला बसले की अगदी असेच असायचे. रेडिओवाल्यांपुढे बडबडले होते म्हणे. ते ऐकून मला वाटलं असतं, हा कोण परका बाप्या."

राइमो डिस्क काढायला वळला.

"परत लाव बघू," आजी म्हणाल्या. "आणि पाद्रीबुवांना म्हणावं, खुर्ची करकरवू नका. यांचं नीट ऐकू येत नाही."